वराळीला शिकवू नये

तिरुवैयारूला लोक गाणं ऐकायला येतात. मी आलो मोडी वाचायला. तंजावरच्या भोसले राजांच्या दप्तरात मोडी कागद एवढे आहेत, की ते संपायच्या आधी वाचणारा संपणार, याबद्दल आम्हा वाचणाऱ्यांत एकमत आहे. तंजावर शहरात भाडं झेपेना, म्हणून दहा-बारा किलोमीटरवरच्या या गावात घर घेतलं. पुढे तिण्णै, म्हणजे आपली ओसरी. मागे विहीर, चार नारळ, एक शेवगा आणि लांबलचक परस. कामाला येणाऱ्या अक्कांनी पहिल्याच दिवशी ते परस डोळ्यांनी मोजलं आणि निकाल दिला, की एवढी जागा कोंबड्यांशिवाय ठेवणं हा शुद्ध माज आहे.

घरमालक पक्के शाकाहारी. त्यांना विचारायला गेलो तेव्हा त्यांनी बराच वेळ वर्तमानपत्र वाचलं आणि मग अट सांगितली: अंड्यांची टरफलं पुढच्या दाराने बाहेर जाता कामा नयेत. मागच्या दाराने काय जातं ते त्यांना दिसत नाही. मोतीबिंदू वगैरे काही नाही, तत्त्व आहे.

अक्कांनी पाच कोंबड्या आणल्या. नाट्टुक्कोळी, म्हणजे गावठी. पाच हा आकडा इथे टाळता येत नाही. गावाचं नाव पाच नद्यांवरून, देऊळ पंचनदीश्वराचं, आणि दर वर्षी पौष वद्य पंचमीला कावेरीकाठी त्यागराजांच्या समाधीपाशी शेकडो गवई समोरासमोर रांगा धरून बसतात तेही पाच कृती म्हणायला. नाट, गौळ, आरभी, वराळी, श्री, असा त्या कृतींच्या रागांचा क्रम ठरलेला. संध्याकाळी खुराड्यात शिरायचा कोंबड्यांचाही क्रम ठरलेला असतो. बायकोने दोन्ही क्रम जुळवले आणि बारसं उरकलं. शरभोजीराजांनी नजराण्यासकट बोलावणं धाडलं तरी त्यागराज दरबारात गेले नाहीत, अशी गोष्ट सांगतात. गावाने तो बाणा अजून सोडलेला नाही. इथली कोंबडीसुद्धा बोलावलं की येत नाही.

शेजारच्या घरात एक पाट्टु वाध्यार राहतात, म्हणजे गाण्याचे मास्तर. पहाटे पाचला त्यांची शिकवणी सुरू होते. नावं ऐकून त्यांना राग येईल अशी भीती होती, पण ते हसले. फक्त चौथ्या नावापाशी थांबले. “वराळी?” असं म्हणून त्यांनी कुंपणावरून त्या तांबूस-काळ्या कोंबडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता आत गेले. त्या पाहण्याचा अर्थ कळायला मला उन्हाळा उजाडावा लागला.

तोवर खुराड्यात पूर्ण लोकशाहीविरहित शांतता होती. थोर्लाइफ शेल्डरुप-एब्बे नावाच्या नॉर्वेच्या गृहस्थांनी लहानपणापासून कोंबड्या बघण्यात वेळ घालवला आणि 1921 च्या सुमाराला जगाला सांगितलं, की कळपात कोण कोणाला टोचणार याची उतरंड पक्की असते. पहिली सगळ्यांना टोचते, शेवटची कोणालाच टोचत नाही. त्यांनी हे सरकारी कचेरीत बसून लिहिलं असतं तर निम्म्या वेळात झालं असतं. आमच्याकडे नाट सर्वांत वरची. कणी टाकली की आधी ती खाणार. श्री सर्वांत खालची. नाव एवढं मंगल, पण बिचारी कुंडीत अंडं घालायची, कारण घरट्यापर्यंत तिचा नंबरच लागत नसे.

मार्च सरता सरता वराळी घरट्यातून उठायला उशीर करू लागली. मग उठेनाशीच झाली. हात पुढे केला की पीस न् पीस उभं करून दुप्पट व्हायची, घशातून खर्ज लावायची, आणि तरीही नेट लावला तर परातीत थापलेल्या भाकरीसारखी पसरायची. उचलून बाहेर ठेवली की डोकं खाली, पंख अर्धे उघडे, क्लक क्लक करत एक फेरी मारायची आणि परत आत. खाली अंडी? एकही नाही. ती रोज आम्ही खात होतो.

मी साताऱ्याकडच्या खेड्यातला. निदान करायला मला वेळ लागला नाही. कोंबडी खुडूक झाली होती.

यात कोंबडीचा हट्ट कमी आणि रसायन जास्त आहे. गावठी कोंबडी बारा-पंधरा अंडी घालते आणि मग तिच्या पीयूषिका ग्रंथीतून प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं. बायकांना, गाईम्हशींना दूध येतं त्यामागेही हेच. ते वाढलं की अंडी बंद. पोटाखालची पिसं जाऊन कातडी उघडी पडते, म्हणजे अंगाची ऊब मध्ये अडथळा न येता थेट अंड्याला लागावी. मग एकवीस दिवस बैठक. रोज एकदा वीसेक मिनिटांची सुटी: खायचं, प्यायचं, धुळीत लोळायचं, दिवसभराचं साठवलेलं एकदाच आणि मास्तरांच्या शिकवणीपर्यंत वास पोचेल एवढं टाकायचं, आणि परत बसायचं. खाली खरोखर अंडी आहेत का, हा प्रश्न संप्रेरकाच्या अखत्यारीत येत नाही.

कावेरीच्याच वरच्या अंगाला नामक्कल आहे. तिथल्या पिंजऱ्यातल्या कोंबड्या वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी घालतात, कारण हे बसणं त्यांच्या रक्तातून पिढ्यान् पिढ्या निवडून काढून टाकलेलं आहे. तिथे बसायचं काम यंत्र करतं. आमच्याकडे यंत्र नव्हतं आणि वराळी नामक्कलची नव्हती.

मी आईला फोन लावला. ऐंशीला टेकलेली आई कोंबड्यांच्या बाबतीत शेवटचा शब्द आहे.

“आई, कोंबडी खुडूक झालीय.”

“मग बुचकळ की पाण्यात. पोटाबुडी गार झालं का उठंल. आरं, एवढं बी इसरलास व्हय तिकडं जाऊन?”

साताऱ्याच्या हवेत हा उपाय चालतो. तिरुवैयारूत एप्रिलच्या दुपारी टाकीतल्या पाण्यात चहापूड टाकली तर रंग उतरेल अशी परिस्थिती. म्हणून विहिरीचं पाणी काढलं, घमेल्यात ओतलं आणि वराळीला पोटापर्यंत त्यात उतरवलं. तिने आधी डोळे वटारले, मग एक मिटला, मग दुसरा. पाण्यात ती अशी काही स्थिरावली की बायको म्हणाली, आता हिला उटणं लावायचं तेवढं राहिलंय. काढायला गेलो तर तिने माझ्या मनगटावर चोच मारली. दुसऱ्या दिवशी तिची सुटी झाली तेव्हा ती दाण्यापाशी न जाता थेट विहिरीच्या कट्ट्यापाशी येऊन उभी राहिली.

अक्कांचं म्हणणं, पंजारम् घाला. पंजारम् म्हणजे बांबूचं मोठं टोपलं. आपल्याकडचं डालगं, फक्त विणकर तमिळ. त्याखाली दोन दिवस कोंडायची, दाणा द्यायचा नाही. आईचाही दुसरा उपाय नेमका हाच होता. तिसराही दोघींचा एकच निघाला: गळालेलं पीस घेऊन कोंबडीच्या नाकपुड्यांतून आडवं ओवायचं. मध्ये हजारेक किलोमीटर अंतर, भाषा निराळ्या, आणि दोन बायका एका कोंबडीच्या नाकापाशी येऊन भेटल्या. एकोजीराजे सतराव्या शतकात इकडे आले तेव्हा हे पीस त्यांच्या लवाजम्यात होतं, की इथून परत जाणाऱ्या कोणी ते साताऱ्याला नेलं? शरभोजीराजे असते तर त्यांनी यावर एक सचित्र ग्रंथ करवून घेतला असता. त्यांच्या सरस्वती महाल ग्रंथालयात गजशास्त्र आहे, अश्वशास्त्र आहे, राजांच्या वेळच्या नेत्ररोग्यांच्या नोंदी चित्रांसकट आहेत. बृहदीश्वराच्या भिंतीवर 1803 साली भोसल्यांचा अख्खा इतिहास मराठीत कोरला आहे. एवढ्या भिंतीत एक ओळ खुडूक कोंबडीला देता आली असती.

पिसाचा उपाय मी करू दिला नाही. अक्का आठवडाभर माझ्याकडे, शहरी माणसाकडे बघतात तसं बघत होत्या.

मग घरटंच बंद केलं. वराळीने दुसरं शोधलं. परसात एक जुना आट्टुक्कल्ल पडलेला आहे, इडलीचं पीठ वाटायचा दगडी रगडा. त्याच्या खळग्यात ती बसली. तिथून उठवली तर माझ्या चपलांवर. तिथून उठवली तर नारळाच्या करवंटीवर, आणि तीही नुसती नाही, करवंटी चोचीने पोटाखाली ओढून, अधूनमधून उलटत. अंडं रोज उलटावं लागतं, नाहीतर आतलं पिल्लू कवचाला चिकटतं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. करवंटीच्या बाबतीत तिने कोणतीही हयगय केली नाही.

या काळात सल्ला द्यायला कोण आलं नाही हे सांगणं सोपं. दूधवाला, गॅसवाला, शिकवणीला येणाऱ्या मुलींच्या आया, सगळे येऊन गेले. तिरुवैयारूची अशोका म्हणून मूगडाळीची, तुपाने थबथबलेली मिठाई असते. सल्लागारांना ती द्यायची पद्धत आम्ही भाबडेपणाने सुरू केली, आणि मग सल्लागारांची संख्या संप्रेरकाच्याही वरताण वाढली. कुणी म्हणालं, खुराड्याचं तोंड फिरवा. कुणी म्हणालं, दुसऱ्याच्या घरी चार दिवस पाठवा, माहेरी गेली की विसरेल. एका निवृत्त तहसीलदारांनी प्रश्न केला, की तिला बसू दिलं तर शासनाचं नेमकं काय नुकसान आहे. त्यांना त्या दिवशी अशोका जास्त मिळाली.

मी मास्तरांकडे गेलो. शेजारी म्हणून त्यांनी निदान एक शब्द बोलावा, एवढीच अपेक्षा.

“तुम्ही हिचं नाव वराळी ठेवलंत,” ते म्हणाले. “आमच्यात वराळी गुरू शिष्याला समोर बसवून शिकवत नाही. शिकवली तर दोघांचं बिनसतं. ज्याला हवी त्याने ऐकून उचलावी.”

“मग मी काय करू?”

“शिकवू नका.”

गेले कित्येक दिवस माझं आणि त्या कोंबडीचं जे काही चाललं होतं, त्याला कर्नाटक संगीतात शास्त्राधार होता तर.

तरी एक शेवटचा उपाय म्हणून सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी डालगं ऐकूनच कपाळाला हात लावला. अंधार, ऊब आणि एकांत, म्हणजे खुडूक कोंबडीला आयती बाळंतिणीची खोली. करायचं ते नेमकं उलट: उजेडात, वारा लागेल अशा जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात ठेवायची, खाली विटा लावून पिंजरा अधांतरी करायचा. दाणापाणी भरपूर. खालून पोटाला गार लागत राहिलं की प्रोलॅक्टिन उतरतं. पहिल्या एक-दोन दिवसांतच धरली तर तीन-चार दिवसांत सुटते. “तुमची कधीपासून बसलीय?” त्यांनी विचारलं. मी आकडा सांगितल्यावर त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

केळ्यांचा प्लास्टिकचा क्रेट आणला, विटांवर उलटा-सुलटा जुळवून पिंजरा केला. वराळी त्यात उभ्या उभ्या खुडूक राहिली. भोवती बाकीच्या जमल्या. आणि या सगळ्या गडबडीत रिकामं झालेलं घरटं गौळने बळकावलं. संध्याकाळी बघतो तर ती आत पसरलेली, पिसं फुललेली, खर्ज लागलेला. एकीला पाहून दुसरी बसते असं म्हातारी माणसं सांगत, ते मी आजवर बायकांच्या हळदीकुंकवाबद्दल आहे असं समजत होतो. गौळला त्याच रात्री उचलून वराळीच्या शेजारच्या क्रेटमध्ये टाकली. ती खरोखरच चौथ्या दिवशी भानावर आली, बाहेर पडली, आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने उकिरडा उकरू लागली. डॉक्टर बरोबर होते. त्याच वेळी सोडलेली वराळी सरळ घरट्याकडे चालत गेली. वाटेत नाटने तिला टोचलं, आरभीने टोचलं, आणि मग कधी कुणाला न टोचलेल्या श्रीनेही हिंमत करून एक टोचून घेतलं. चार दिवस कळपाबाहेर राहिलं की उतरंडीतली जागा जाते. वराळीची पार तळाला गेली होती. तिला त्याचं काहीही नव्हतं. पद गेलेला माणूस एवढ्या शांतपणे खुर्चीकडे जाताना मी पाहिलेला नाही.

अखेर प्रश्न सोडवला तो समोरच्या आजींनी. आजी तंजावरच्या मराठी. त्यांच्या घरातलं मराठी साडेतीनशे वर्षांपूर्वी देशावरून निघालेलं आणि वाटेत तमिळ चालीवर पडलेलं. त्यांनी जन्मात अंडं खाल्लेलं नाही, हातातही धरलेलं नाही. तिण्णैवर बसून, भाजी निवडता निवडता, माझी सगळी कथा ऐकून घेऊन त्या म्हणाल्या:

“बसायचं आहे तिला. बसू दे. खाली काहीतरी दे.”

एवढा साधा सल्ला अशोकाशिवाय मिळतो, हेही त्या दिवशी कळलं.

पण द्यायचं काय? आमच्याकडे कोंबडा नव्हता. पहाटेची शिकवणी ध्यानात घेऊन मास्तरांच्या घरातून तशी पूर्वअट आली होती, आणि ती रास्तच होती. कोंबड्याशिवाय घातलेल्या अंड्यावर वराळी दिवाळीपर्यंत बसली असती तरी आमलेटापलीकडे काही निघालं नसतं. दुकानातल्या नामक्कलच्या अंड्यांचीही तीच कथा. फलित अंडी हवी होती, ताजी, फार तर आठवडाभराची. अक्कांच्या बहिणीच्या गावी, तंजावरच्या पलीकडे, कोंबडा होता. अंडी अकरा आणा, अक्कांनी बजावलं. सम संख्या बसवत नाहीत. आईनेही फोनवर हेच सांगितलं. तोवर मला या दोघींच्या एकवाक्यतेचं नवल वाटेनासं झालं होतं.

अकरा अंडी भाताच्या तुसात, डब्यात, मांडीवर घेऊन मी तंजावरहून तिरुवैयारूची बस पकडली. या रस्त्यावर पाच नद्या आडव्या येतात. वडवारु, वेण्णारु, वेट्टारु, कुडमुरुट्टी आणि शेवटी कावेरी. यात्रेकरूंना हे पुण्याचं वाटतं. अंडी घेतलेल्या माणसाला एवढंच कळतं, की नदी तिथे पूल, पूल तिथे सांधा, आणि सांधा तिथे दणका. वडवारूच्या पुलावर मी डबा हवेत उचलून धरला. शेजारच्या बाईंनी विचारलं, आत काय. खोटं बोलण्याइतकं माझं तमिळ चांगलं नाही. “मुट्टै,” मी म्हणालो. “अडैक्कु,” म्हणजे उबवायला. वेण्णारूपर्यंत ही बातमी मागच्या बाकांवर पोचली. वेट्टारूला कंडक्टर स्वतः येऊन डब्याशेजारी उभा राहिला आणि सुट्टे पैसे परत द्यायचं विसरला. कुडमुरुट्टी आली तेव्हा मागून कोणीतरी ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, आणि ती बस, जी एरवी नवरदेवासाठी वेग कमी करत नाही, त्या पुलावरून पायी चालल्यासारखी गेली. कावेरीवर सगळे गप्प होते. उतरताना दोघांनी विचारलं, पिल्लं विकणार का.

प्रवास करून आलेली अंडी लगेच बसवायची नसतात. निमुळतं टोक खाली करून दिवसभर स्वस्थ ठेवायची, म्हणजे आतली हवेची पोकळी जागेवर राहते. मग रात्री, अंधारात, एकेक करून कोंबडीच्या पोटाखाली सरकवायची. वराळीने पहिलं अंडं चोचीने आत ओढलं, दुसरं ओढलं, आणि एक आवाज काढला जो मी तिच्याकडून आजवर ऐकला नव्हता. करवंटी मी हळूच बाजूला घेतली. तिने ती परत मागितली नाही.

अक्कांनी घरट्यात एक गंजका खिळा, दोन कोळसे आणि एक सुकी लाल मिरची ठेवली. वळीव गडगडला की अंडी नासतात, लोखंड असलं की नासत नाहीत. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, खिळा अंड्यावर पडणार नाही एवढं बघा. त्या महिन्यात दोनदा असा गडगडाट झाला की मास्तरांची शिकवणी थांबली, आणि दोन्ही वेळा अक्का कामं टाकून खिळा जागेवर आहे का बघून आल्या.

आठव्या रात्री दिवे घालवून, मोबाइलच्या बॅटरीवर एकेक अंडं धरलं. नऊ अंड्यांत लालसर शिरांचं जाळं आणि मध्ये हलणारा ठिपका. दोन स्वच्छ, रिकामी. “कूमुट्टै,” अक्का म्हणाल्या. ज्यातून काही निघत नाही अशा अंड्याला इथे तसं म्हणतात, आणि तशाच माणसालाही. त्या वेळी त्यांचं तोंड अंड्याकडे होतं की माझ्याकडे, हे अंधारात कळलं नाही.

विसाव्या दिवशी अंडी बोलू लागली. पिल्लू कवच फोडण्याच्या आदल्या दिवशी आतूनच चिवचिवतं आणि वरून आई उत्तर देते. मी हे कुंपणापाशी सहज बोललो, तर मास्तर शिकवणी अर्ध्यात टाकून आले. सोवळ्यात होते, त्यामुळे हात मागे बांधलेले. मी वराळीच्या चोचीचे वार खात एक अंडं काढलं आणि त्यांच्या कानापाशी धरलं. ते डोळे मिटून ऐकत राहिले. माझा हात अवघडला. शिकवणीच्या मुली कुंपणापलीकडे गोळा झाल्या. बऱ्याच वेळाने डोळे उघडून ते म्हणाले, “षड्ज सापडलेला नाही अजून. शोधतोय.”

नवांतली आठ फुटली. पुढचे दिवस परसात वराळीचं राज्य होतं. नाट जवळ आली तर तिला शेवग्यापर्यंत हाकलायची. घार दिसली की एक हाक, आणि आठही जण पंखाखाली. उतरंडीत तळाला गेलेली कोंबडी पिल्लं घेऊन बाहेर आली की पहिल्या नंबरची वाट सोडते, हे शेल्डरुप-एब्बेंना माहीत असणारच. कोंबडीने पाय दिला म्हणून पिल्लू मरत नाही, अशी एक तमिळ म्हण अक्का येता-जाता म्हणायच्या. वराळी पिल्लांवरून बिनदिक्कत चालायची आणि पिल्लं पुन्हा उभी राहायची, त्यामुळे म्हण तूर्त खरी ठरली.

पुढची अडचण निसर्गाची. आठांत कोंबडे किती निघतील हे कोंबडीच्या हाती नसतं, माणसाच्या तर नाहीच. रोमच्या लिव्हियाला, पुढे ती ऑगस्टस बादशहाची राणी झाली, पोटातला मुलगा की मुलगी हे जाणून घ्यायचं होतं, म्हणून तिने एक अंडं स्वतःच्या आणि दासींच्या हातांनी आळीपाळीने उबवलं. कोंबडा निघाला आणि मुलगा झाला, तो टिबेरियस. ही हकिकत रोमन इतिहासकारांनी लिहून ठेवली आहे. लिव्हियाचं एका कोंबड्यावर भागलं. आमच्याकडे पाच निघाले.

पाच कोंबडे म्हणजे, स्पष्टच बोलायचं तर, रस्सा. पण तुरे लालबुंद होऊन त्यांना कंठ फुटायला लागला तो नेमका पुरट्टासी महिन्यात. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत अर्धा तमिळनाडू पेरुमाळसाठी, म्हणजे विष्णूसाठी, मांसाहार सोडतो, आणि कोंबडीवाले दुकानापुढे खुर्ची टाकून पेपर वाचतात. विकायला गेलो तर दुकानदाराने डोकं वर न करता दिवाळीनंतर या म्हणून सांगितलं. अक्का म्हणाल्या, मुरुगनच्या ध्वजावर कोंबडा असतो, आणि पलीकडे उरैयूरला, चोळांच्या जुन्या राजधानीत, कोंबड्याने हत्तीला पळवून लावलं होतं. तेव्हा घाई करू नका. घरमालकांनी फक्त विचारलं, की हे जे काही आहे ते मागच्या दाराने जाणार आहे ना.

आणि मग एका पहाटे, शिकवणी ऐन रंगात असताना, पाचांतला थोरला शेवग्यावर चढला आणि आरवला. मी अंथरुणात डोळे मिटून पडून राहिलो. पेटीचा सूर थांबला. मुली गप्प झाल्या. कोंबडा दुसऱ्यांदा आरवला, आधीपेक्षा आत्मविश्वासाने. मागचं दार वाजलं. मास्तर कुंपणापाशी उभे होते, हातात श्रुतिपेटी.

“माझी पोरं पाच कट्टैत गातात,” ते म्हणाले. पाच कट्टै म्हणजे आपली पांढरी पाच. “हा साडेपाचात लावतो. अर्धा खाली येईल का?”

मी म्हटलं, तो वराळीचा मुलगा आहे, शिकवता येणार नाही.

त्यांनी शेवग्याकडे एकदा बघितलं, पेटी तिथेच कुंपणावर टेकवली आणि साडेपाचाला लावून घेतली.